साथ गेली, कलमं राहिली : मरकज, पोहरादेवी आणि १८९७ चा कायदा

२३ फेब्रुवारी २०२१ हा दिवस वाशिम जिल्ह्यातल्या लोकांना चांगला आठवत असेल. तेव्हाचे वनमंत्री संजय राठोड त्या दिवशी मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला आले. पुण्यातल्या एका तरुणीच्या मृत्यूवरून विरोधकांनी त्यांच्यावर आरोप केले होते, ते त्यांनी फेटाळले होते, आणि बरेच दिवस समोर न आलेले मंत्री पहिल्यांदाच लोकांपुढे येत होते. समर्थकांची हजारोंची गर्दी लोटली. दोनच दिवस आधी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राजकीय, धार्मिक आणि सामाजिक गर्दीच्या कार्यक्रमांवर बंदी जाहीर केलेली होती. अमरावती विभागात रुग्ण झपाट्यानं वाढत होते. त्याच आठवड्यात रिसोड तालुक्यातल्या देगावच्या एका निवासी शाळेत २२९ विद्यार्थी पॉझिटिव्ह निघाले होते.

पोहरादेवीच्या गर्दीबद्दल गुन्हे दाखल झाले. मुख्यमंत्री नाराज असल्याच्या बातम्या आल्या. वाहिन्यांवर काही दिवस चर्चा चालली. २८ फेब्रुवारीला राठोड यांनी राजीनामा दिला, पण तो गर्दीमुळे नव्हे, त्या दुसऱ्या प्रकरणामुळे. ऑगस्ट २०२२ मध्ये ते पुन्हा मंत्री झाले. गर्दीचा विषय तोपर्यंत सगळे विसरून गेले होते.

आता त्याच्या अकरा महिने मागे जा. मार्च २०२० संपत होता. दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजची बातमी टीव्हीवर आली आणि मग टीव्हीवर दुसरं काही राहिलंच नाही. आपल्याकडे मशिदीच्या लाऊडस्पीकरवरून ‘घरीच नमाज पढा’ असं सांगितलं जात होतं, जुम्मा बंद होता, लोक ऐकत होते. तरीही दाढी-टोपीवाला माणूस किराणा आणायला निघाला की समोरचा दोन पावलं मागे सरकत होता. भाजीच्या गाडीवाल्याला आधी नाव विचारलं जात होतं. कोण केव्हा कुठल्या जमातीत गेला होता याच्या याद्या फिरत होत्या. पोहरादेवीच्या गर्दीनंतर कुणाच्या हातगाडीवर कुणी नाव विचारलं नाही, आणि विचारायलाही नको होतं.

हे आम्ही हिशेब चुकता करायला लिहीत नाही. बंजारा समाज आपला शेजारी आहे, पोहरादेवी हे त्यांचं श्रद्धास्थान आहे. एका नेत्याच्या शक्तिप्रदर्शनासाठी जमलेल्या गर्दीवरून अख्ख्या समाजावर शिक्का मारला गेला नाही, ही चांगलीच गोष्ट झाली. आमचा प्रश्न वेगळा आहे. रोग तोच, राज्य तेच, कायदाही तोच. मग दोन गर्द्यांचं पुढे जे झालं त्यात इतका फरक कसा पडला? याचं उत्तर ‘द्वेष’ या एका शब्दात देऊन मोकळं होता येतं. पण त्यानं अर्धंच उत्तर मिळतं. बाकीचं अर्धं कायद्याच्या पुस्तकात आहे, आणि ते सव्वाशे वर्षं जुनं आहे.

एका पानाचा कायदा

साथरोग अधिनियम ४ फेब्रुवारी १८९७ रोजी झाला. मुळात फक्त चार कलमं, एका-दोन पानांत मावणारी. नेहमीचे कायदे पुरेसे नाहीत असं सरकारला वाटलं, तर ते साथ रोखण्यासाठी लागतील ते नियम जाहीर करू शकतं. ते मोडले तर भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली शिक्षा. आणि शेवटी, सद्भावनेनं काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही. ‘धोकादायक साथरोग’ म्हणजे नेमकं काय, हे नियम किती दिवस चालतील, विधिमंडळापुढे कधी मांडायचे, चुकीचं झालं तर सामान्य माणसानं अपील कुठे करायचं, यातल्या कशाबद्दलही त्यात एक ओळ नाही.

याच कायद्याखाली महाराष्ट्र सरकारनं १४ मार्च २०२० ला कोविडचे नियम काढले. दहा दिवसांनी केंद्रानं आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ लावून देशभर टाळेबंदी केली. या दुसऱ्या कायद्यात जिल्हाधिकारी हा जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचा अध्यक्ष असतो. जिल्हा परिषदेचा निवडून आलेला अध्यक्ष सहअध्यक्ष असतो, पण कोविडच्या काळात त्याची सही कुणी पाहिली? कारंज्याचं मार्केट किती वाजता उघडायचं, लग्नाला किती माणसं, मय्यतीला किती, जिल्ह्याची सीमा कुणी ओलांडायची, सगळं एका कार्यालयातून रोज निघणाऱ्या आदेशांवर ठरत होतं. जिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांनी, डॉक्टरांनी, आशा ताईंनी, पोलिसांनी त्या काळात जिवावर उदार होऊन काम केलं, ते नाकारायचं नाही. पण माणसं चांगली असली म्हणून कायदा चांगला ठरत नाही. मोघम कायद्यात सगळं वापरणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेलं असतं, आणि ती मर्जी त्या वेळच्या वाऱ्याप्रमाणे फिरते.

हज थांबला, रँड मारला गेला

हा कायदा आला कुठून, ते पाहिलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. मुंबई ओस पडायला लागली. पण इंग्रज सरकारला घाई झाली ती एवढ्यामुळेच नव्हे. युरोपच्या देशांना भीती होती की मुंबईच्या जहाजांतून प्लेग त्यांच्या बंदरांत पोचेल. हिंदुस्थानचा माल अडवण्याची भाषा सुरू झाली. फेब्रुवारी-मार्च १८९७ मध्ये व्हेनिसला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. जगाला काहीतरी करून दाखवणं ब्रिटिश सरकारला भाग होतं.

म्हणून या कायद्यात एक गोष्ट ठळकपणे घातलेली आहे : बंदरातल्या जहाजांची तपासणी करण्याचा, ती अडवून ठेवण्याचा, आणि जहाजानं जाऊ पाहणाऱ्या माणसालाही रोखून ठेवण्याचा अधिकार. मुंबई बंदरातून तेव्हा मोठ्या संख्येनं जाणारे प्रवासी कोण होते, हे आपल्याला सांगायला नको. १८९७ च्या हंगामात हिंदुस्थानातून हजला जाण्यावर सरकारनं बंदी घातली.

त्यामागे तीस वर्षांचा इतिहास होता. १८६५ मध्ये मक्केत कॉलरा पसरला, तिथून तो इजिप्तमार्गे युरोपात गेला. पुढच्या वर्षी कॉन्स्टँटिनोपलला परिषद भरली आणि तेव्हापासून हिंदुस्थानी हाजी हा युरोपच्या नजरेत रोगाची वाट झाला. तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर हाजींना उतरवून विलगीकरणात ठेवलं जायचं. कॉलरा गर्दीतून आणि घाण पाण्यातून पसरत होता, ही गोष्ट खरीच. पण त्याच समुद्रातून जाणाऱ्या व्यापारी जहाजांकडे जेवढ्या संशयानं पाहिलं गेलं नाही, तेवढ्या संशयानं गरीब हाजीकडे पाहिलं गेलं. मरकजच्या वेळी जे झालं ते नवीन नव्हतं.

आणि फक्त मुसलमानांनाच हा कायदा भोवला असंही नाही. पुण्यात प्लेग समितीचे प्रमुख वॉल्टर रँड यांनी गोरे सैनिक घराघरांत घुसवले. देवघरात, स्वयंपाकघरात, बायकांच्या खोल्यांत झडत्या झाल्या. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरून त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, राजद्रोहाचं १२४-अ हे कलम अधिक व्यापक केलं गेलं, आणि दोन समाजांत तेढ वाढवण्याबद्दलचं १५३-अ हे कलम दंड संहितेत आलं. आज व्हॉट्सअ‍ॅपच्या एखाद्या पोस्टवरून आपल्या पोरांवर जे कलम लागतं, ते याच १५३-अ चं आताचं रूप, भारतीय न्याय संहितेतलं कलम १९६. प्लेगच्या काळातल्या राजकारणातून आलेलं कलम प्लेग गेल्यावर सव्वाशे वर्षांनी आपल्या दाराशी आहे.

९ मार्च १८९८ ला मुंबईच्या मदनपुऱ्यात जुलाहा समाजाच्या वस्तीत प्लेगचा संशय असलेल्या एका मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली, गोळीबार झाला, जीव गेले. विणकाम करणारी गरीब मुसलमान माणसं ती. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की आमच्या बायकांना परपुरुषानं हात लावू नये आणि आजाऱ्याला ओढून नेऊ नये. नंतर सरकारनं हळूहळू जबरदस्ती कमी केली. समाजातल्या प्रतिष्ठितांना सोबत घेतलं. हे आधी केलं असतं तर मदनपुरा टळला असता, असं आमचं मत आहे.

कारण उलट उदाहरणही त्याच मुंबईत होतं. डॉ. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस बनवून पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. लोक घाबरत होते, अफवा होत्या. तेव्हा विशीतल्या आगाखानांनी, सर सुलतान मुहम्मद शाह यांनी, हाफकिनना कामाला जागा दिली, लोकांसमोर स्वतः लस घेतली आणि त्यांच्या शब्दावर खोजा जमातीतल्या हजारो लोकांनी घेतली. जिथे शिपाई दार ठोठावत होता तिथे दगड पडले, आणि जिथे आपला माणूस पुढे झाला तिथे रांग लागली. २०२१ मध्ये आपल्याही वस्त्यांत लसीबद्दल काय काय बोललं गेलं, ते आठवून पाहा. हे लपवून काही मिळणार नाही. कुणी म्हणे मूल होणार नाही, कुणी म्हणे दोन वर्षांत मरण. इंदूरला आरोग्य पथकावर दगडफेक झाली, ती चूकच होती, तिचं समर्थन कुणी करू नये.

आकडा खरा, अर्थ खोटा

आता मरकजकडे परत येऊ. इज्तेमा मार्चच्या मध्याला झाला. १३ मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालय सांगत होतं की देशात आरोग्य आणीबाणी नाही. त्याच दिवशी दिल्ली सरकारनं दोनशेपेक्षा जास्त लोकांच्या जमावावर बंदी घातली, १६ तारखेला ती पन्नासवर आणली. २२ ला जनता कर्फ्यू, रेल्वे बंद, २४ च्या रात्री टाळेबंदी. आत अडकलेली माणसं जाणार कुठे होती? तरीही आम्ही म्हणू की जबाबदार मंडळींनी इज्तेमा आधीच थांबवायला हवा होता. जगभरातून बातम्या येत होत्या, परदेशी पाहुणे होते. सावधगिरी कमी पडली, हे मान्य केल्यानं आपलं काही कमी होत नाही.

पण चूक वेगळी आणि गुन्हा वेगळा. १८ एप्रिल २०२० ला आरोग्य मंत्रालयानं सांगितलं की देशातल्या १४,३७८ रुग्णांपैकी ४,२९१ रुग्ण तबलिगी जमातशी जोडलेले आहेत, म्हणजे जवळपास तीस टक्के. आकडा खोटा नव्हता. पण त्या दिवसांत तपासणीची साधनं अतिशय कमी होती, आणि मरकजशी संबंधित प्रत्येक माणूस शोधून शोधून तपासला जात होता. ज्याला शोधलं तो सापडणारच. बाकीच्या गर्द्यांतले लोक, परदेशातून विमानानं आलेले लोक तितक्या बारकाईनं तपासलेच गेले नाहीत. रोजच्या रोज धर्माच्या खात्यात रुग्ण मांडण्याची ही पद्धत नंतर थांबली, पण तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मग न्यायालयं बोलली. २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं २९ परदेशी जमातींवरचे आणि सहा भारतीयांवरचे गुन्हे रद्द केले. न्या. टी. व्ही. नलावडे यांनी लिहिलं की या लोकांना बळीचा बकरा बनवलं गेलं असण्याची शक्यता दिसते, माध्यमांतून मोठा अपप्रचार झाला. न्या. एम. जी. सेवलीकर निकालाशी सहमत होते, काही निरीक्षणांशी नव्हते, हेही सांगितलं पाहिजे. महिनाभरानं, २१ सप्टेंबरला, नागपूर खंडपीठानं म्यानमारच्या आठ नागरिकांवरचा गुन्हा रद्द केला. त्यांनी संसर्ग पसरवल्याचा काही पुरावाच नाही, खटला पुढे चालवणं म्हणजे कायद्याच्या प्रक्रियेचा दुरुपयोग ठरेल, असं न्या. व्ही. एम. देशपांडे आणि न्या. अमित बोरकर यांनी म्हटलं. वाशिम जिल्हा याच खंडपीठाखाली येतो, त्यामुळे हा निकाल आपल्या वकिलांनी जवळ ठेवावा असा आहे. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयानं ३६ परदेशी नागरिकांना निर्दोष सोडलं. आणि जमातींना आसरा दिल्याचा ठपका असलेल्या ७० भारतीयांवरची १६ प्रकरणं दिल्ली उच्च न्यायालयानं रद्द केली ती जुलै २०२५ मध्ये. पाच वर्षांनी!

आरोप एका रात्रीत घरोघरी पोचला. निकाल पोचायला पाच वर्षं लागली, आणि तो किती घरांत पोचला, देवालाच ठाऊक.

कब्रस्तानापासून कोलंबोपर्यंत

३० मार्च २०२० ला मुंबई महापालिकेच्या आयुक्तांनी परिपत्रक काढलं : कोविडनं मेलेल्या प्रत्येकाचं, धर्म कोणताही असो, दहनच होईल. त्याच दिवशी तेव्हाचे मंत्री नवाब मलिक यांनी हरकत घेतली आणि परिपत्रक बदललं गेलं. पुढे बांद्र्याच्या कब्रस्तानात दफन नको म्हणून काही रहिवासी न्यायालयात गेले. २२ मे ला मुंबई उच्च न्यायालयानं ती मागणी फेटाळली. दफनानं रोग पसरतो याला वैज्ञानिक आधार नाही, आणि सन्मानानं अंत्यविधी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयानं सांगितलं.

शेजारच्या श्रीलंकेत असं बोलायला कुणी नव्हतं. तिथे जवळपास अकरा महिने मुसलमानांच्या मय्यती जबरदस्तीनं जाळल्या गेल्या. दफन चालतं असं जागतिक आरोग्य संघटना सांगत होती, तरी. फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस बंदी उठली. ती उठली तेव्हा पाकिस्तानचे पंतप्रधान नुकतेच कोलंबोला येऊन गेले होते आणि जिनिव्हात मानवाधिकार परिषदेपुढे श्रीलंकेचा विषय होता, जिथे इस्लामी देशांची मतं त्यांना हवी होती. जुलै २०२४ मध्ये तिथल्या सरकारनं माफी मागितली. आपल्या इथे ज्या गोष्टीला एक फोन आणि एक निकाल पुरला, तिथे तिला परराष्ट्र धोरण लागलं. यात आपल्या न्यायव्यवस्थेचं मोल दिसतं, ते आपण मोकळेपणानं कबूल करायला हवं.

बाहेरच्या जगाचा दबाव आपल्याकडेही आला. एप्रिल २०२० मध्ये आखाती देशांतून, इस्लामी सहकार्य संघटनेच्या मानवाधिकार आयोगाकडून भारतातल्या मुस्लीमविरोधी प्रचारावर टीका सुरू झाली. १९ एप्रिलला पंतप्रधानांनी लिहिलं की हा विषाणू जात, धर्म, भाषा, सीमा पाहत नाही. दुसऱ्या दिवशी अमिरातीतल्या भारतीय राजदूतांनी तिथल्या भारतीयांना ताकीद दिली. त्याआधी तीन आठवडे इथली माणसं तेच सांगत होती. पण तेल आणि आखातात काम करणारे लाखो भारतीय मध्ये आले तेव्हाच ते कानावर गेलं, याची खंत वाटते.

दिल्लीकडे सरकलेली सत्ता

साथीनं फक्त आपल्यालाच धक्का दिला असं समजणं चूक ठरेल. ६ एप्रिल २०२० ला खासदार निधी दोन वर्षांसाठी थांबवला गेला. वर्षाला पाच कोटी. यवतमाळ-वाशिमच्या खासदाराला, किंवा रिसोड ज्यात येतं त्या अकोल्याच्या खासदाराला आपल्या गावच्या दवाखान्यासाठी त्यातून एक ऑक्सिजन सिलिंडरही नव्यानं देता येईना. पीएम केअर्सला कंपन्यांनी दिलेली देणगी सामाजिक जबाबदारीच्या खर्चात धरली गेली, मुख्यमंत्री निधीला दिलेली नाही. सप्टेंबरच्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास नव्हता. शेतीचे तीन अध्यादेश जूनमध्ये, लोक घरात बंद असताना आले. गुजरात सरकारनं कारखान्यातल्या कामाचे तास वाढवले, ते सर्वोच्च न्यायालयानं १ ऑक्टोबर २०२० ला रद्द केलं आणि बजावलं की साथ म्हणजे कामगार कायदे गुंडाळायचा परवाना नव्हे. ८ मे च्या पहाटे करमाडजवळ रुळावर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले, तेव्हा त्यांच्यासाठी कुठला कायदा होता?

आणि राजकारण! मंदिरं उघडा म्हणून तेव्हाचे राज्यपाल कोश्यारी यांनी १२ ऑक्टोबर २०२० ला मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं आणि त्यात विचारलं की तुम्ही अचानक सेक्युलर झालात का. ज्या शब्दाची शपथ राज्यघटना घालते, तो टोमणा म्हणून वापरला गेला. प्रार्थनास्थळं शेवटी १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली, मशिदीही त्याच दिवशी.

आपल्या जिल्ह्याचंही एक उदाहरण आहे. वाशिमशी जोडलेल्या एका याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं ४ मार्च २०२१ ला ओबीसी आरक्षणाबाबत निकाल दिला, वाशिम जिल्हा परिषदेसह काही ठिकाणच्या जागा रिकाम्या झाल्या. पोटनिवडणूक जुलैत ठरली. ९ जुलैला राज्य निवडणूक आयोगानं कोविडच्या कारणानं ती पुढे ढकलली, आणि ती झाली ५ ऑक्टोबरला. रोगाची भीती खरी होती. पण ओबीसी आरक्षणाचा तिढा सुटेपर्यंत निवडणूक नको, ही सगळ्याच पक्षांची इच्छाही तितकीच खरी होती. त्याच वर्षी बंगालात मोठमोठ्या सभा झाल्या, हरिद्वारला कुंभ भरला. कोणती गर्दी थांबवायची आणि कोणती नाही, हे विषाणू ठरवत नव्हता.

जगाच्या पातळीवरही तेच. जानेवारी २०२१ मध्ये भारतानं शेजाऱ्यांना लस पाठवायला सुरुवात केली, पुण्याच्या सिरमकडे आफ्रिकेचे डोळे लागले. एप्रिलमध्ये आपल्याकडे प्रेतांच्या रांगा लागल्या, निर्यात थांबली आणि गरीब देश ताटकळले. श्रीमंत देशांनी गरजेपेक्षा कितीतरी जास्त लस आधीच बांधून ठेवलेली. लसीवरचं पेटंट तात्पुरतं उठवा ही भारत आणि दक्षिण आफ्रिकेची ऑक्टोबर २०२० ची मागणी दीड वर्षाहून जास्त रेंगाळली आणि जून २०२२ मध्ये पाणी घातलेल्या रूपात मान्य झाली. २० मे २०२५ ला जागतिक आरोग्य संघटनेच्या देशांनी महासाथ करार स्वीकारला. त्याआधीच जानेवारीत अमेरिकेनं संघटनेतून बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केलेला होता. हा करार कुठल्याही देशाला टाळेबंदी किंवा लस सक्तीचा हुकूम देऊ शकत नाही, असं त्यातच लिहिलेलं आहे. आपल्या मोबाइलवर उलटं सांगणारे व्हिडिओ फिरतात, म्हणून हे सांगितलं. हजचं म्हणाल तर २०२० मध्ये सौदीनं साधारण हजार स्थानिकांनाच परवानगी दिली, पुढच्या वर्षी साठ हजार, तेही देशातलेच. २०२२ मध्ये पासष्टच्या आतल्यांनाच वाट मोकळी झाली आणि भारताचा कोटा होता ७९,२३७. या वेळी बंदी आपल्यावर एकट्यावर नव्हती, म्हणून मनाला ती फारशी लागली नाही.

आता काय उरलं आहे

फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगानं आपल्या २८६ व्या अहवालात स्पष्ट लिहिलं की १८९७ चा कायदा आजच्या साथींना अपुरा आहे, तो नीट दुरुस्त करा किंवा नवा आणा. केंद्र, राज्य आणि स्थानिक संस्था यांचे अधिकार कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात ते लिहा. तो अहवाल फारसा कुणी वाचला नाही.

उलट शिक्षा मात्र गुपचूप वाढली. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेनं घेतली. जुन्या कलम १८८ मध्ये साध्या उल्लंघनाला एक महिना किंवा दोनशे रुपये, जिवाला धोका असेल तर सहा महिने किंवा हजार रुपये अशी तरतूद होती. नव्या कलम २२३ मध्ये तेच सहा महिने किंवा अडीच हजार, आणि एक वर्ष किंवा पाच हजार झालं आहे. पुढची साथ येईल तेव्हा नियम मोडणाऱ्याला हे कलम लागेल. एक गोष्ट तेवढी जुनीच आहे : या कलमाखाली न्यायालय संबंधित अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीवरूनच दखल घेऊ शकतं, फक्त पोलिसांच्या गुन्ह्यावर नाही.

आपल्या आमदार-खासदारांना भेटायला जाणाऱ्या शिष्टमंडळांनी कब्रस्तानाच्या भिंतीसोबत हाही विषय यादीत घ्यावा, असं आम्हाला वाटतं. नियमांना मुदत हवी, ते सभागृहापुढे यायला हवेत, अपिलाची जागा हवी, आणि रुग्णांची मोजणी धर्माच्या नावानं जाहीर करायला बंदी हवी. ही मागणी आपल्या एकट्याची राहायचं कारण नाही. रँडच्या शिपायांनी ज्यांचं देवघर उधळलं त्यांची नातवंडंही इथेच राहतात, आणि पोहरादेवीच्या गर्दीतल्या ज्या गरिबांवर गुन्हे लागले तेही.

त्या गुन्ह्यांचं सांगायचं तर टाळेबंदीत लागलेले कलम १८८ चे गुन्हे मागे घेण्याचा निर्णय राज्य सरकारनं २०२२ मध्ये जाहीर केला. सरकारी नोकरावर हल्ला किंवा मोठं नुकसान असलेली प्रकरणं त्यात नव्हती. पण निर्णय जाहीर झाला म्हणजे कागद मिटला असं होत नाही. सरकारी वकिलाला त्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो. नोकरीच्या, पासपोर्टच्या किंवा हजच्या वेळी पोलीस पडताळणी होते तेव्हा एखाद्याला कळतं की सहा वर्षांपूर्वी दुकानाचं अर्धं शटर उघडल्याचा गुन्हा अजून नावावर आहे. कारंजा, मंगरूळपीर, रिसोड, कुठल्याही तालुक्याच्या न्यायालयातलं प्रकरण ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर नाव आणि वर्ष टाकून शोधता येतं. घरातल्या शिकत्या मुलाला किंवा मुलीला सांगा, २०२० आणि २०२१, दोन्ही वर्षं तपासून पाहायला. प्रकरण दिसलं तर त्याचा क्रमांक लिहून घ्या आणि वकिलाकडे जा.